मार्टिन: मंगळाच्या नावाचा, पण मंगळाचा न राहिलेला

बाळासाठी नाव शोधणाऱ्या आईवडिलांच्या हाती हल्ली ज्या नावांच्या याद्या येतात, त्यांत ‘मार्टिन’पुढे एकच शब्द असतो: लढवय्या. कुठे ‘युद्धप्रिय’, कुठे ‘मार्स देवाचा’. यात चूक काही नाही. पण एवढ्यावर थांबलं, तर सोळाशे वर्षं युरोपभर लोक हे नाव मुलांना का देत आले, हे कळत नाही. ज्यांनी ते ठेवलं त्यांतल्या बहुतेकांना मार्स देवाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या मनात एक ठरावीक माणूस होता, आणि त्या माणसाची ओळखच मुळी अशी, की त्याने ऐन लढाईच्या तोंडावर सैन्य सोडलं. नावाचा धातू एका दिशेला आणि नावाचा इतिहास दुसऱ्या दिशेला, असं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडतं. म्हणून मार्टिनकडे नीट पाहावंसं वाटतं.

सुरुवात व्याकरणापासून करावी लागते. रोमन देवाचं नाव मार्स. मग मार्टिनमध्ये ‘त’ किंवा ‘ट’ आला कुठून? संस्कृत शिकलेल्याला हा प्रश्न फारसा पडणार नाही. ‘राजा’ हे प्रथमेचं रूप, शब्द मात्र ‘राजन्’. ‘वाक्’ हे प्रथमेचं, शब्द ‘वाच्’. लॅटिनचंही तेच. शब्दाचं खरं अंग प्रथमेत दिसत नाही, षष्ठीत दिसतं. मार्सची षष्ठी ‘मार्तिस’. त्यातला ‘इस’ हा प्रत्यय काढला की ‘मार्त्’ उरतो. प्रथमेत याच अंगाला ‘स्’ लागतो, ‘मार्त्स्’ असं अवघड रूप होतं आणि उच्चारात मधला ‘त्’ गळून जातो. लॅटिनमधून आलेलं कुठलंही नाव तपासताना ही पहिली पायरी चुकवू नये. ‘क्लेमेन्स’ म्हणजे दयाळू, षष्ठी ‘क्लेमेन्तिस’, म्हणून क्लेमेंट. ‘लेओ’ म्हणजे सिंह, षष्ठी ‘लेओनिस’, म्हणून लिओनेलमध्ये ‘न’ दिसतो. शब्दकोशातलं पहिलं रूप पाहून अर्थ लावायला गेलेला माणूस नेमका इथेच अडखळतो.

दुसरी पायरी प्रत्ययाची. ‘मार्त्’ला ‘इनुस’ लागून ‘मार्तिनुस’ झालं. ‘इनुस’ म्हणजे ‘त्याचा’, ‘त्याच्याशी नातं असलेला’. मारे म्हणजे समुद्र, मारिनुस म्हणजे समुद्राचा. अन्तोनिउसपासून अन्तोनिनुस, ऑगुस्तुसपासून ऑगुस्तिनुस, म्हणजे आपला ऑगस्टीन. तेव्हा मार्तिनुसचा शब्दशः अर्थ ‘मार्सचा’ एवढाच. ‘लढवय्या’ हा त्यावरून काढलेला पुढचा अर्थ आहे. मार्सला निव्वळ युद्धाचा देव मानलं तरच तो बसतो, आणि तिथे जरा थांबायला हवं.

कारण जुन्या रोममधला मार्स शेताचाही राखणदार होता. इ.स.पू. दुसऱ्या शतकात कातो या रोमन मुत्सद्द्याने शेतीवर जे पुस्तक लिहिलं, त्यात शिवाराभोवती प्रदक्षिणा घालण्याचा विधी सविस्तर दिला आहे. डुक्कर, मेंढा आणि बैल अशा तीन जनावरांना शेताच्या कडेने फिरवायचं आणि मग बळी द्यायचा. त्या वेळी म्हणायची प्रार्थना ‘पिता मार्स’ला उद्देशून आहे. दिसणारे आणि न दिसणारे रोग, नापिकी, नासधूस आणि वाईट हवा यांना दूर ठेव. धान्य, द्राक्षवेली आणि बागा चांगल्या फळू दे. गुराखी आणि गुरं सुखरूप ठेव, असं मागणं त्यात आहे. लढाईत जय मिळू दे, असं एक अक्षर नाही. बांधावर नारळ फोडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही प्रार्थना परकी वाटू नये.

मार्स वर्षाच्या दाराशीही उभा होता. रोमचं जुनं वर्ष दहा महिन्यांचं आणि ते मार्चपासून सुरू व्हायचं. मार्च म्हणजे मार्सचा महिना. हिवाळा सरला की शेतीची कामं सुरू व्हायची आणि सैन्यही मोहिमेला निघायचं, दोन्ही एकाच वेळी. त्या जुन्या मोजणीचा पुरावा आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात अजून आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांत सात, आठ, नऊ, दहा हे आकडे आहेत, आणि ते मार्चपासून मोजले तरच जुळतात.

आता फसव्या साम्यांकडे वळू, कारण मार्टिनभोवती ती बरीच आहेत. मराठी माणसाला पहिला आठवतो तो मार्तंड. जेजुरीच्या खंडोबाचं मार्तंड भैरव हे रूप घराघरांत ठाऊक आहे. ‘मार्तंड’वरून मार्टिन झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकायला गोड वाटेल, पण त्यात तथ्य नाही. मार्तंड म्हणजे सूर्य, आणि त्याची परंपरागत व्युत्पत्ती ‘मृत’ आणि ‘अंड’ या दोन शब्दांतून दिली जाते. मार्सशी त्याचा संबंध नाही. दुसरं नाव मरुत. एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय अभ्यासकांनी मरुत आणि मार्स यांचं मूळ एक असल्याचं मांडलं होतं. पण मार्सचं जुनं रूप ‘मावोर्स’ असं आहे, त्यातल्या ‘व’चा हिशेब मरुतशी लागत नाही, आणि आज भाषाशास्त्रज्ञ ते नातं सहसा मानत नाहीत. मार्था हे बायबलमधलं नाव अरामी भाषेतलं, अर्थ घरधनीण. मार्टिना मार्सची, मार्था नव्हे. आणि मराठी लिपीने घातलेला एक घोळ वेगळाच आहे. ‘मार्शल लॉ’मधला मार्शल मार्सवरून आला, पण ‘फील्ड मार्शल’मधला किंवा विधानसभेत सदस्यांना उचलून बाहेर नेणारा मार्शल जर्मानिक भाषांतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ घोड्यांचा चाकर. देवनागरीत दोघे अगदी सारखे दिसतात, म्हणून जपून राहावं.

खरे नातलग कमी आहेत. मार्कुस, म्हणजे आपल्या मराठी बायबलातला मार्क, हा बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्सच्याच अंगापासून निघाला. मार्कुसपासून मार्चेल्लुस, म्हणजे मार्सेल. त्या अर्थाने मार्क, मार्सेल आणि मार्टिन एका घराण्यातले.

आणि एक नातं थेट आपल्यापर्यंत येतं. लॅटिनमध्ये आठवड्याच्या एका दिवसाला ‘मार्सचा दिवस’ म्हणत. फ्रेंचमध्ये तो मार्दी, स्पॅनिशमध्ये मार्तेस, इटालियनमध्ये मार्तेदी. तो दिवस म्हणजे आपला मंगळवार, आणि हा योगायोग नाही. ग्रहांच्या नावांचा आठवडा ग्रीक-रोमन जगातल्या ज्योतिषातून भारतात आला. वारांचा क्रम कसा ठरतो तेही दोन्हीकडे एकच आहे. पृथ्वीवरून सर्वांत दूर मानलेल्या ग्रहापासून जवळच्यापर्यंत यादी लावायची: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा प्रत्येक तास क्रमाने एकेका ग्रहाच्या नावे करायचा आणि पहिल्या तासाच्या ग्रहाचं नाव दिवसाला द्यायचं. सोमवारचा पहिला तास चंद्राचा. सात-सात तासांचे तीन फेरे झाले की बावीसावा तास पुन्हा चंद्राचा, तेविसावा शनीचा, चोविसावा गुरूचा, आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला तास मंगळाचा. म्हणून सोमवारनंतर मंगळवार. पंचांगातला ‘होरा’ हा शब्दही ग्रीकमधूनच आलेला. वाराचा उल्लेख असलेला भारतातला एक फार जुना शिलालेख मध्य प्रदेशातल्या एरणला आहे, गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. 484 चा; त्यात गुरुवार नोंदवला आहे. तेव्हा ‘मार्सचा’ याचं मराठी रूपांतर करायचंच झालं तर ‘मंगळाचा’ हेच नेमकं.

इथवर शब्दाची गोष्ट झाली. आता त्या माणसाची.

चौथ्या शतकात रोमन साम्राज्याच्या पानोनिया प्रांतात, आजच्या हंगेरीतल्या सोम्बातहेय या गावी, एका सैनिकाच्या घरी मुलगा झाला. जन्मसालाबद्दल दोन मतं आहेत, 316 आणि 336. बाप साधा शिपाई म्हणून भरती होऊन पुढे ट्रिब्यून या हुद्द्यापर्यंत चढलेला, घर जुन्या देवांना मानणारं. अशा घरात मुलाचं नाव मार्तिनुस असणं अगदी साहजिक होतं. मुलगा वाढला इटलीतल्या पाव्हियात. या सगळ्याची माहिती आपल्याला मिळते ती सुल्पिसियस सेवेरस या त्याच्या शिष्यामुळे. त्याने मार्टिनचं चरित्र तो हयात असतानाच, 397 च्या आसपास लिहिलं. शिष्याने लिहिलेलं असल्यामुळे त्यात चमत्कार भरपूर आहेत, पण बारकावेही तितकेच आहेत.

दहाव्या वर्षी हा मुलगा घरच्यांच्या मनाविरुद्ध चर्चमध्ये जाऊन बसला. पण निवृत्त सैनिकांच्या मुलांनी सैन्यात जायलाच हवं असा बादशाही हुकूम होता, आणि पंधराव्या वर्षी त्याला जबरदस्तीने शपथ घ्यावी लागली. त्याच्या त्या नोकरीतला एक प्रसंग जगभर पसरला. उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या वेशीवर, नेहमीपेक्षा कडाक्याच्या हिवाळ्यात, एक उघडा भिकारी येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे मदत मागत होता. कुणी थांबत नव्हतं. मार्टिनकडे शस्त्रं आणि अंगावरचा साधा लष्करी झगा एवढंच उरलं होतं, बाकी सगळं तो आधीच वाटून बसला होता. त्याने तलवारीने झगा मधोमध कापला, अर्धा भिकाऱ्याला दिला आणि अर्धा स्वतः पांघरला.

चित्रांत हा प्रसंग नेहमी घोड्यावर बसलेल्या मार्टिनसकट दिसतो. एल ग्रेकोच्या प्रसिद्ध चित्रात तर पांढराशुभ्र घोडा आहे. सुल्पिसियसच्या मजकुरात मात्र घोडा कुठेच नाही. त्यात आहे ते चित्रकारांनी सहसा वगळलेलं, आणि मला ते घोड्यापेक्षा मोलाचं वाटतं. तो लिहितो, अर्धा कापलेला झगा पांघरून मार्टिन इतका विचित्र दिसत होता, की भोवतालचे काही लोक हसले. पण ज्यांचं मन शाबूत होतं, ते मनातल्या मनात कण्हले. त्यांच्याकडे कपडे जास्त होते, स्वतः उघडं न पडता त्यांना देता आलं असतं, आणि त्यांनी काही दिलं नव्हतं. त्या रात्री मार्टिनला स्वप्नात ख्रिस्त दिसला, तो अर्धा झगा घातलेला. पुढे अठराव्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला.

सैन्य सोडण्याचा प्रसंग जर्मनीतल्या वर्म्स शहरापाशी घडला. पुढे सम्राट झालेला ज्युलियन लढाईच्या आदल्या दिवशी एकेका शिपायाला नावाने बोलावून बक्षिसाची रक्कम वाटत होता. मार्टिनची पाळी आली तेव्हा त्याने ती नाकारली. आजवर तुझी चाकरी केली, आता देवाची करू दे. मी ख्रिस्ताचा शिपाई आहे, मला लढता येत नाही, असं तो म्हणाला. ज्युलियनने त्याला भित्रा ठरवलं. त्यावर मार्टिनने सांगितलं, उद्या मला बिनशस्त्र, ढाल आणि शिरस्त्राणाशिवाय, रांगेच्या पुढे उभं करा. त्याला पहाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी शत्रूनेच तहाची बोलणी लावली आणि लढाई झालीच नाही. ‘मार्सचा’ असं नाव मिरवणाऱ्या माणसाने हे केलं. नावांच्या याद्यांत ‘युद्धप्रिय’ वाचताना हा प्रसंग शेजारी ठेवला, तर तो शब्द पुरेसा वाटत नाही.

पुढचं थोडक्यात. 361 मध्ये पोआतिये शहराजवळच्या लिग्युजेला त्याने मठवासाची सुरुवात केली. 371 मध्ये फ्रान्समधल्या तूर शहराच्या लोकांनी एका आजारी बाईचं निमित्त सांगून त्याला मठातून बाहेर काढलं आणि बिशप केलं. जमलेल्या काही बिशपांना तो पसंत नव्हता: कपडे मळके, केस विस्कटलेले, असा माणूस बिशप कसा? 385 च्या सुमारास त्रिअरला प्रिसिलियन या पाखंडी ठरवलेल्या धर्मोपदेशकाला देहदंड होऊ नये म्हणून त्याने सम्राट मॅक्सिमसपुढे रदबदली केली. त्याने वचन मिळवलं, पण त्याची पाठ वळताच ते मोडलं गेलं आणि प्रिसिलियनचा शिरच्छेद झाला. ख्रिस्ती सत्तेने पाखंडाच्या प्रकरणात माणूस मारण्याची ही पहिली वेळ मानली जाते. ज्या बिशपांनी ही शिक्षा मागितली होती, त्यांच्याशी मार्टिनने नंतर एकदा, इतर काही जीव वाचवण्यासाठी, नाइलाजाने संबंध ठेवला. त्याचं शल्य त्याला कायम राहिलं, आणि तो पुन्हा कुठल्याही धर्मसभेला गेला नाही.

397 साली 8 नोव्हेंबरला कांद या गावी तो वारला. देह कुणी न्यायचा यावरून पोआतिये आणि तूरचे लोक भांडले. रात्री पोआतियेची माणसं झोपल्यावर तूरच्या लोकांनी देह खिडकीतून बाहेर काढला, होडीत ठेवला आणि नदीने गावी नेला. दफन 11 नोव्हेंबरला झालं, आणि तोच त्याचा सण ठरला.

त्या कापलेल्या झग्याचं पुढे काय झालं, ते गोव्याच्या वाचकाला खास सांगायला हवं. झग्याला उत्तर-लॅटिनमध्ये ‘कापा’ म्हणत, त्याचं लघुरूप ‘कापेल्ला’. सातव्या शतकापासून फ्रँक राजे मार्टिनचा म्हणून जपलेला झगा आपल्या खजिन्यात ठेवत, त्यावर शपथा घेत, मोहिमांवर सोबत नेत. तो ज्या जागी ठेवत त्या जागेलाच ‘कापेल्ला’ म्हणू लागले, आणि राखणाऱ्या धर्मगुरूंना ‘कापेल्लानुस’. त्यातूनच इंग्रजीतलं चॅपल आणि चॅप्लिन आलं. चार्ली चॅप्लिनचं आडनावही याच मुळाचं. पोर्तुगीजमध्ये ‘कापेल्ला’चं ‘कापेला’ झालं आणि कोकणीत ‘कोपेल’. गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर, वळणावर, टेकडीवर जी पांढरी कोपेलं उभी आहेत, त्यांच्या नावात आमियाँच्या वेशीवर कापलेल्या त्या झग्याची आठवण आहे.

मार्टिन नाव पसरलं ते या कबरीमुळे आणि या तारखेमुळे. तूर हे मोठं तीर्थक्षेत्र झालं, फ्रँक राजांनी त्याला आपला पाठीराखा मानलं, आणि त्यांच्या राज्याबरोबर त्याच्या नावाची चर्चं पसरत गेली. इंग्लंडमध्ये 597 साली रोमहून धर्मप्रसारक आले तेव्हा कँटरबरीत राणी बर्था आधीपासूनच मार्टिनच्या नावाच्या चर्चमध्ये प्रार्थना करत होती. आजही फ्रान्समधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव ‘मार्तँ’ हेच आहे.

तारखेचं गणित शेतीचं होतं. 11 नोव्हेंबरपर्यंत पीक घरात आलेलं, गुरं रानातून गोठ्यात परतलेली. हिवाळाभर सगळ्यांना पुरेल इतका चारा नसायचा, म्हणून डुकरं कापून मांस खारवायचं. थंडी असल्यामुळे ते टिकायचं. खंड, भाडी, देणी या दिवशी चुकती करायची, गडी या दिवशी नव्याने ठेवायचे. आपल्याकडे सालगड्याचं वर्ष पाडव्याला बदलतं, तसाच हा दिवस. स्कॉटलंडमध्ये तो कायद्याने मुदतीचा दिवस होता. 1990 च्या कायद्याने ती मुदत 28 नोव्हेंबरवर नेली, नाव मात्र ‘मार्टिनमस’च ठेवलं. पुढे नाताळपर्यंत उपासाचा काळ, म्हणून उपास सुरू होण्याआधी, या दिवशी, पोटभर जेवण. हंस, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘गूज’ म्हणतात तो पाळीव पक्षी, खाण्याची चाल इथली. बिशप व्हायचं टाळण्यासाठी मार्टिन हंसांत लपला आणि हंसांनी ओरडून त्याला पकडून दिलं, अशी कथा सांगतात. ती गोड आहे, पण सुल्पिसियसकडे नाही. नोव्हेंबरात हंस पोसलेले असत आणि खंड म्हणून दिलेही जात, हे कारण जास्त पटतं. स्पेनमध्ये म्हण आहे, प्रत्येक डुकराचा सान मार्तिन येतोच. पोर्तुगालमध्ये या दिवशी भाजलेली चेस्टनट खातात, नव्या वाइनची चव घेतात, आणि या सुमारास पडणाऱ्या उबदार उन्हाला ‘साँव मार्तिन्यूचा उन्हाळा’ म्हणतात. जर्मनीत मुलं कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात.

पोर्तुगालचाच आणखी एक मार्टिन आहे, ब्रागाचा बिशप, सहाव्या शतकातला. तोही जन्माने पानोनियाचा, तूरच्या मार्टिनचा भक्त. दिवसांना जुन्या देवांची नावं द्यायला त्याचा कडवा विरोध होता. खेडुतांना शिकवण्यासाठी लिहिलेल्या उपदेशात त्याने त्यावर कोरडे ओढले आहेत. पोर्तुगीज ही आपल्या शेजारच्या भाषांपेक्षा वेगळी पडते ती इथे: तिच्यात मंगळवार म्हणजे ‘तेर्सा-फेइरा’, तिसरा वार. मार्स नाही, गुरू नाही, सोमवार ते शुक्रवार नुसते आकडे. याचं श्रेय परंपरेने या मार्टिनला देतात. मार्सचं नाव वाराच्या पाटीवरून पुसलं गेलं, ते मार्सचंच नाव लावणाऱ्या माणसाच्या आग्रहाने. गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज दफ्तरात ‘तेर्सा-फेइरा’ लिहिलं जात होतं, आणि बाजारात कोकणी माणूस ‘मंगळार’च म्हणत राहिला.

गोव्याच्या इतिहासात हे नाव सुरुवातीलाच भेटतं. 6 मे 1542 ला संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला तो नवा गव्हर्नर मार्तीं अफोन्सो द सूझा याच्या जहाजातून. ‘मार्तीं’ हे पोर्तुगीजचं छोटं रूप, ‘मार्तिन्यू’ हे पूर्ण रूप. ‘मार्तिन्स’ हे आडनाव मुळात बापाच्या नावावरून पडलेलं, म्हणजे मार्तींचा मुलगा. स्पॅनिशमधलं मार्तिनेस तसंच. आपण मधल्या जागी वडिलांचं नाव लावतो आणि ते दर पिढीला बदलतं. तिथे ते गोठून आडनाव झालं. पण गोव्यातल्या मार्तिन्स आडनावावरून कुणाच्या पोर्तुगीज पूर्वजांचा माग काढू नये. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव घेण्याची रीत होती, आणि ते रक्ताचं नातं सांगत नाही.

उच्चार मात्र बरंच सांगतो. पोर्तुगीज ‘त’ दंत्य, म्हणून त्या वाटेने आलेलं नाव मार्तीन. इंग्रजी ‘ट’ आपल्या कानाला मूर्धन्य वाटतो, म्हणून मिशन शाळांच्या आणि इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने आलेलं नाव मार्टिन. आंतोन आणि अँथनी यांचंही तसंच. हा नियम डोळे झाकून लावू नये: ‘फीत’ पोर्तुगीज ‘फीता’चा त सांभाळते, पण पोर्तुगीज ‘बताता’चा आपण ‘बटाटा’ केला.

इतर भाषांत नावाने रूपं बरीच पालटली. डॅनिशमध्ये मोर्टन, स्वीडिशमध्ये मोर्टेन, डचमध्ये मार्तेन आणि मार्तेइन, हंगेरियनमध्ये मार्तोन, पोलिशमध्ये मार्चिन, लॅटव्हियनमध्ये मार्तिन्श. आयर्लंडमधलं गिलमार्टिन हे आडनाव म्हणजे ‘संत मार्टिनच्या सेवकाचं’.

पोपांच्या यादीत तर या नावाने मोठा गोंधळ घातला. पहिला मार्टिन 655 साली क्रिमियात हद्दपारीत वारला. मारिनुस नावाचे दोन पोप नवव्या आणि दहाव्या शतकात होऊन गेले. हस्तलिखितांत मारिनुस आणि मार्तिनुस यांची गल्लत झाली, आणि ते दोघे दुसरा व तिसरा मार्टिन म्हणून मोजले गेले. मग 1281 मध्ये निवडून आलेल्या पोपने नाव घेतलं ‘चौथा मार्टिन’. खऱ्या मोजणीने तो दुसराच होता. पाचवा मार्टिन 1417 साली कॉन्स्टन्सच्या परिषदेत निवडला गेला, तारीख 11 नोव्हेंबर. नावाचं कारण वेगळं सांगायला नको.

तारखेवरून नाव ठेवण्याची रीत सर्वसामान्य घरांतही होती. 10 नोव्हेंबर 1483 ला जर्मनीतल्या आइसलेबेन गावी खाणीच्या धंद्यातल्या एका माणसाकडे मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा, दिवस मार्टिनचा, म्हणून नाव मार्टिन. हाच मार्टिन ल्यूथर. साडेचारशे वर्षांनी, 1934 मध्ये, अटलांटाचे एक बाप्टिस्ट पाद्री मायकेल किंग बर्लिनच्या परिषदेला गेले. ल्यूथरच्या देशातून परतल्यावर त्यांनी स्वतःचं आणि पाच वर्षांच्या मुलाचं नाव बदललं. मुलाच्या जन्मदाखल्यावर हा बदल 1957 मध्ये नोंदला गेला. दोन वर्षांनी, 1959 मध्ये, तो मुलगा, मार्टिन ल्यूथर किंग, भारतात आला आणि मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिला. अहिंसेचा अभ्यास करायला आलेल्या या माणसाचं नाव मागे मागे नेलं तर ल्यूथर, त्यामागे तूरचा बिशप, त्यामागे पानोनियातला एक सैनिक बाप, आणि त्यामागे मार्स.

म्हणून एखाद्या मार्टिनचं नाव नेमकं कुणावरून, हे शोधायचं तर धातूपेक्षा तारीख जास्त कामाची. कॅथॉलिक घरात नामदिन 11 नोव्हेंबरला पाळत असतील, तर नाव तूरच्या मार्टिनचं. 3 नोव्हेंबरला पाळत असतील, तर ते पेरूतल्या लिमाच्या मार्तिन द पोरेसचं. हा 1579 ते 1639 या काळातला, स्पॅनिश बाप आणि गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या आईचा मुलगा. न्हावीकाम आणि मलमपट्टी शिकून त्याने मठाचा दवाखाना सांभाळला. 1962 मध्ये तो संत ठरला, आणि त्याच्या तसबिरीत हातात झाडू असतो. 13 एप्रिल असेल तर क्रिमियात वारलेला पोप. प्रोटेस्टंट घरात नामदिन नसतो. तिथे ल्यूथर किंवा किंग यांची शक्यता आधी धरावी. आणि घरातल्या मार्टिनचं नाव आजोबांवरून पडलं असेल, तर हेच प्रश्न आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीला विचारावे लागतात. ती नोंद पॅरिशच्या वहीत असते. गोव्यातल्या जुन्या वह्या पोर्तुगीजमध्ये आहेत, तिथे मार्टिन शोधू नये, ‘मार्तिन्यू’ शोधावं.